एचआरसीटीत (छातीच्या सीटी स्कॅनमध्ये) ‘आयएलडी’ लिहून आलंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट क्लिअर करते, मी डॉक्टर नाही. छातीच्या डॉक्टरांकडे पीएफटी लॅबमध्ये फुंकायच्या टेस्ट घेते. पेशंट आणि त्यांची मुलं-सुना डॉक्टरांच्या केबिनमध्ये गप्प बसतात आणि सगळे प्रश्न बाहेर येऊन आम्हाला विचारतात, ते इथे लिहिलेत. औषध सुरू करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आयएलडी म्हणजे नेमकं काय? कॅन्सर आहे का?

नाही, कॅन्सर नाही. आयएलडी म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीज, आणि हे एका आजाराचं नाव नाही, २०० पेक्षा जास्त आजारांचं मिळून एक आडनाव आहे. फुफ्फुसात हवेचे बारीक वायुकोश असतात, त्यांच्या भोवती रक्ताच्या केसासारख्या नळ्या असतात, आणि या दोघांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला इंटरस्टिशियम म्हणतात. ऑक्सिजन याच पडद्यातून रक्तात जातो. त्या पडद्याला सूज आली किंवा तिथे व्रण धरून तो जाड झाला, कडक झाला, की ऑक्सिजनला पलीकडे जायला त्रास होतो आणि फुफ्फुस नीट फुलतही नाही. सूज असेल तर ती बऱ्याचदा औषधाने कमी होते, व्रण म्हणजे फायब्रोसिस एकदा पक्का झाला की तो परत जात नाही. म्हणून रिपोर्टमध्ये आयएलडी वाचल्यावर पहिला प्रश्न ‘औषध काय’ हा नसतो, ‘२०० मधला कुठला’ हा असतो. हे मी परत परत सांगणारे कारण सगळा खेळ इथेच आहे, एका प्रकाराला जे औषध तारतं तेच दुसऱ्या प्रकारात नुकसान करतं.

लागण होते का? घरात लहान मुलं आहेत.

नाही होत. एका ताटात जेवा, एका खोलीत झोपा, काही होत नाही. फक्त उलटं लक्षात ठेवा, मुलांचा सर्दी-ताप आजोबांना लागू नये, कारण त्यांना साधं इन्फेक्शनसुद्धा महागात पडतं.

आम्हाला आधी टीबी सांगितला होता, सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) घेतली. ते चुकलं का?

हा प्रश्न इतका येतो की काय सांगू. आपल्याकडे टीबी प्रचंड आहे, एक्स-रेत दोन्हीकडे डाग दिसले, खोकला आहे, वजन उतरलंय, म्हटल्यावर टीबीचा विचार आधी येणं साहजिक आहे. पण थुंकीची तपासणी, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी टेस्ट) वगैरे निगेटिव्ह, ताप नाही, आणि दोन महिने एकेटी घेऊन एक्स-रे जसाच्या तसा, तर तिथे थांबून ‘दुसरं काही आहे का’ हे विचारायला हवं. सारकॉइडोसिस नावाचा एक प्रकार तर टीबीसारखाच दिसतो, छातीतल्या गाठी तशाच सुजतात, बायोप्सीतही ग्रॅन्युलोमा (पेशींच्या बारीक गाठी) दिसतो, त्यामुळे अनुभवी डॉक्टरही सावध असतात. उलट बाजूही आहे, आयएलडीसाठी स्टेरॉइड चालू असताना जुना दबलेला टीबी उठू शकतो, तेव्हा टीबीची तपासणी मागितली तर चिडू नका.

दुसरी नेहमीची गल्लत दम्याची. पंप देतात, वर्षभर चालतो, फरक काहीच नाही. दम्यात श्वासनळ्या आकसतात, आवाज शिट्टीसारखा येतो, त्रास कमी-जास्त होतो, रात्री पहाटे वाढतो. आयएलडीत तसा चढउतार फारसा नसतो, दम हळूहळू वाढत जातो. पंप नळ्यांवर काम करतो, इथे बिघाड पडद्यात आहे, त्यामुळे पंपाचा उपयोग होत नाही (काही जणांना दोन्ही असतं, त्यांचा पंप चालू राहतो).

लक्षणं काय असतात? शंका कधी घ्यायची?

दोन मुख्य. चालल्यावर, जिना चढल्यावर लागणारा दम, आणि कोरडा खोकला, ज्यात कफ जवळजवळ नसतोच. हे इतकं सावकाश येतं की माणूस स्वतःच सवयी बदलत जातो आणि त्याला कळतही नाही. पूर्वी मंडईतून दोन पिशव्या आणणारे काका आता रिक्षा करतात, वरच्या मजल्यावरच्या देवळात जाणं बंद करतात, आंघोळ करून आल्यावर पाच मिनिटं बसून राहतात, आणि विचारलं की म्हणतात ‘वय झालं’. घरच्यांनी बघावं ते हेच, गेल्या दिवाळीत जे सहज जमत होतं ते या दिवाळीत जमतंय का. थकवा, भूक कमी, वजन उतरणं हेही असतं. छातीत दुखणं किंवा खोकल्यातून रक्त हे नेहमीचं नाही, असेल तर लगेच दाखवा.

आणि काही खुणा फुफ्फुसाच्या बाहेर असतात, त्या पेशंट सांगतच नाही कारण त्याला त्याचा संबंध वाटत नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, तोंड आणि डोळे कोरडे पडतात, चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी होते, बोटांच्या कडा फुटून खरखरीत होतात. हे सगळं सांगायचं, ‘छातीच्या डॉक्टरला काय सांगायचं हात दुखतात ते’ असं करायचं नाही.

ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, मग दम का लागतो?

कारण तुम्ही खुर्चीवर बसून मोजलंय. या आजाराची चोरी चालताना पकडली जाते. आमच्याकडे सहा मिनिटं चालायची टेस्ट असते, ३० मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये ये-जा करायची, पळायचं नाही, आपल्या वेगाने. बसल्यावर ९६-९७ असणाऱ्या माणसाचं तिसऱ्या-चौथ्या फेरीला ८५ झालेलं मी नेहमी बघते आणि गंमत म्हणजे त्यातले कितीतरी जण म्हणतात ‘मला काही होत नाहीये, चालतो अजून’. शरीराला सवय झालेली असते.

घरी बघायचं असेल तर बोट गरम असू दे, नेलपॉलिश नको, ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात थोडं चाला आणि चालून थांबल्याबरोबर आकडा बघा, नुसतं तेव्हाच नाही तर पुढचं अर्धा मिनिटही बघत राहा कारण आकडा जरा मागून उतरतो. बाजूला कोणीतरी असू द्या. चालल्यावर ४ किंवा जास्त पॉइंट उतरत असेल तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी नखं का बघितली?

क्लबिंग बघायला. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं, समजा दोन्ही तर्जन्या, पाठीला पाठ लावून टेकवा आणि उजेडासमोर धरा. नखांच्या मुळाशी मध्ये एक छोटीशी, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची फट दिसते. ती फट दिसत नसेल, नखं फुगीर गोल झाली असतील तर ते क्लबिंग. आयपीएफमध्ये (कारण न सापडणारा फायब्रोसिस, त्याबद्दल पुढे) आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये हे बऱ्याच जणांत असतं. पण हे कॅन्सरमध्ये, जन्मजात हृदयविकारात, फुफ्फुसात पू होणाऱ्या आजारातही असतं, आणि आयएलडीच्या सगळ्या पेशंटना नसतंच, त्यामुळे फट दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

तसंच स्टेथोस्कोप. पाठीवर अगदी खाली, दोन्ही बाजूला, दीर्घ श्वास घ्यायला लावून ऐकतात. तिथे श्वास आत घेताना चपलेची किंवा बीपीच्या पट्ट्याची वेल्क्रो ओढून उघडल्यासारखा चर्रर्र आवाज येतो, डॉक्टर त्याला वेल्क्रो क्रॅकल्सच म्हणतात. एक्स-रे जवळजवळ नॉर्मल असतानाही हा आवाज येऊ शकतो. शर्टावरून, घाईत, फक्त पुढून ऐकलं तर तो निसटतो.

हे होतं कशामुळे?

ढोबळ गट सांगते. श्वासातून आत जाणाऱ्या गोष्टी (पक्षी, बुरशी, दगडाची धूळ), संधिवात आणि त्याच्या भावकीतले ऑटोइम्यून आजार, काही औषधं आणि छातीचं रेडिएशन, सिगारेट-बिडी, सारकॉइडोसिस, आणि शेवटी ज्याचं कारण सापडतच नाही ते, ज्यात आयपीएफ येतो. काही दुर्मिळही आहेत, उदाहरणार्थ लॅम नावाचा, जो जवळजवळ फक्त बायकांना, त्याही बऱ्याचदा तरुण वयात होतो आणि फुफ्फुस परत परत पंक्चर होतं.

भारतात कुठला जास्त? २०१२ ते २०१५ मध्ये देशातल्या १९ शहरांतल्या २७ सेंटरनी मिळून १,०८४ पेशंटची नोंद केली, त्यात ४७.३ टक्के हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे श्वासातून गेलेल्या गोष्टीची अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया. संधिवाताच्या गटातले आणि आयपीएफ साधारण १४-१४ टक्के. पण चंदीगडच्या पीजीआयच्या नोंदीत सारकॉइडोसिस सगळ्यात वर आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कोण मोजतंय, कुठे मोजतंय आणि कसं ठरवतंय यावर खूप आहे.

कबुतरांचं खरंच एवढं आहे का? आम्ही पाळलेली नाहीत, नुसती गॅलरीत येतात.

पाळलेली असण्याची गरज नाही. पिसांवरची बारीक पावडर आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ, त्यातली प्रथिनं श्वासातून जातात, आणि ज्यांच्या शरीराला ती झेपत नाहीत त्यांच्या फुफ्फुसात सूज येते. सगळ्यांना होत नाही, एकाच घरात चौघं राहतात आणि एकालाच होतं, म्हणून ‘मग आम्हाला का नाही झालं’ हा वाद घरात होतो. एसीच्या आउटडोअर युनिटमागे, डक्टमध्ये, पोटमाळ्याच्या खिडकीत घरटं असतं आणि पेशंट म्हणतो आमच्याकडे कबुतरं नाहीत. डॉक्टर दोनदा विचारतात ते त्यासाठी.

मुंबईत हा विषय राजकीय झालाय हे माहितीच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायचं सरकारने सांगितलं, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावर आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टातही गेलं. श्रद्धेचा भाग आहे, मला त्यात पडायचं नाही, पण ज्याच्या रिपोर्टमध्ये हा आजार लिहून आलाय त्याने कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत यात चर्चेला जागाच नाही, आणि शेजारच्यांनी त्याच्या डोक्यावरच्या गॅलरीत टाकू नयेत एवढं तर सोसायटीने बघावं.

करायचं काय, तर जाळी लावा, घरटी काढा, पण पेशंटने स्वतः नाही. आणि वाळलेली घाण झाडूने झाडायची नाही, तीच सगळ्यात वाईट, आधी पाणी मारून भिजवायची मग काढायची, एन-९५ मास्क लावून. पक्षी गेले तरी धूळ घरात महिनोन् महिने राहते, पडदे, गालिचे, गाद्या सगळं धुवा. पिसांची उशी, पिसांची रजई असेल तर तीही बाहेर. घरात पोपट, लव्हबर्ड असतील तर तेही यातच येतात, हे सांगितल्यावर लोकांचे चेहरे पडतात, कळतं मला.

आणि कूलर?

विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी हे नीट वाचा. वर सांगितलेल्या १,०८४ पेशंटच्या नोंदीत हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच्या जवळजवळ निम्म्या पेशंटच्या घरी कूलर होता. कूलरचं गवत सीझनभर ओलं, टाकीतलं पाणी आठवडा-आठवडा तेच, वरून मे महिन्यात दिवसरात्र तोंडावर वारा. त्या गवतात बुरशी धरते आणि पंखा ती थेट खोलीत मारतो. दरवर्षी नवीन गवत लावा, टाकी रिकामी करून घासा, पाणी बदलत राहा, कुबट वास यायला लागला की तो कूलर बंद. ज्याला आजार झालाच आहे त्याने कूलर साफ करून वापरू की काय या भानगडीत न पडता कूलर काढूनच टाकावा असं बहुतेक डॉक्टर सांगतात.

शेतीतही हेच. पावसात भिजून बुरशी आलेला कडबा-पेंढा उपसताना, साखर कारखान्याच्या आवारात साठवलेलं बगॅस (उसाचा चोथा) हलवताना, मशरूमच्या शेडमध्ये. काही जणांना असं काम केल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, खोकला येतो आणि एक-दोन दिवसात जातो, मग सगळे ‘व्हायरल’ म्हणून सोडून देतात. गावाला गेलं की बरं वाटतं आणि परत आलं की त्रास, किंवा उलटं, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. रक्तात या गोष्टींच्या अँटिबॉडी तपासता येतात, पण त्या तंदुरुस्त माणसातही सापडू शकतात, तेव्हा फक्त त्या एका रिपोर्टवर काही ठरत नाही.

दगडाच्या धुळीने होतो तो हाच का?

हो, सिलिकोसिस. खाणी, क्रशर, विहिरी खोदणं, सँडब्लास्टिंग, फाउंड्री. गुजरातमधलं खंभातचं अकीक घासायचं काम आणि मध्य प्रदेशातलं मंदसौरचं पाटीच्या पेन्सिलचं काम यासाठी बदनाम आहे. आता किचन ओट्यांना जो कृत्रिम क्वार्ट्झ लावतात तो कोरडा कापताना प्रचंड सिलिका उडतो, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसल्या दगडावर बंदीच घातली. धूळ थांबवली तरी आत गेलेली जात नाही, आणि या लोकांना टीबीचा धोकाही जास्त. कायद्याने हा नोंद करायचा आजार आहे, नुकसानभरपाई मिळू शकते, म्हणून कुठे किती वर्षं काम केलं ते केसपेपरवर लिहून घ्या. तोंडावर बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही.

आईला संधिवात आहे, तिच्या फुफ्फुसाला काय झालं?

र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस, शोग्रेन, हे सगळे फक्त सांधे-कातडी-स्नायूंवर थांबत नाहीत. कधीकधी तर फुफ्फुस आधी आणि सांधे नंतर, म्हणून सांधे दुखत नसतानाही एएनए, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, मायोसायटिस पॅनेल अशी लांबलचक रक्ततपासणी लिहितात. महाग आहे पण वायफळ नाही. यात छातीचे आणि संधिवाताचे असे दोन्ही डॉक्टर लागतात आणि दोघांनी एकमेकांशी बोललेलं बरं, नाहीतर एक औषध वाढवतो, दुसरा तेच कमी करतो आणि पेशंट मध्ये.

औषधांमुळेही होतो म्हणता, कुठल्या?

हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन, लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन् महिने घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, कॅन्सरचं ब्लिओमायसिन, ही जुनी ओळखीची नावं. यादी बरीच मोठी आहे. घाबरून स्वतःहून बंद करू नका, अ‍ॅमिओडॅरोन अचानक सोडलं तर हृदयाचं काय, ते कार्डिओलॉजिस्टला विचारूनच.

आयपीएफ हाच तो झाकीर हुसेन यांना झालेला?

हो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा कुटुंबाने कारण हेच सांगितलं, इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस, आणि त्यानंतर महिनाभर आमच्याकडे येणारा प्रत्येक खोकलेकरी ‘मला ते तर नाही ना’ विचारत होता. आयपीएफ बहुतेक साठीच्या पुढे होतो, पुरुषांत जास्त, सिगारेट ओढलेल्यांत जास्त. काही घराण्यांत चालतो, तेव्हा घरात आणखी कोणाला असा फुफ्फुसाचा त्रास होता का, कोणाचे केस तिशीच्या आत पांढरे झाले का हेसुद्धा विचारतात, त्याचा जनुकांशी संबंध असतो. यात दम सतत वाढतच जातो, कोणाचा हळू, कोणाचा भराभर.

टेस्ट कुठल्या? आणि त्या फुंकायच्या टेस्टचं काय, बाबांना जमतच नाही.

एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन, आयएलडी बघायला यात बहुतेक वेळा इंजेक्शनही नसतं. कधी पालथं झोपवून परत काढतात, कधी श्वास सोडून धरायला लावतात, म्हणजे चूक झाली म्हणून नाही, पाठीकडचा भाग आणि अडकलेली हवा बघायची असते म्हणून.

आता माझा प्रांत. नाकाला क्लिप, तोंडात माउथपीस, पूर्ण श्वास आत आणि मग फुंका फुंका फुंका, अजून अजून, सोडू नका. आयएलडीच्या पेशंटला पूर्ण श्वास घेताना वरच्या टोकाला नेमका खोकला येतो आणि सगळं मुसळ केरात. मग पाणी प्यायचं, दोन मिनिटं बसायचं, परत. तीन चांगले प्रयत्न लागतात, आम्ही ओरडतो म्हणून राग मानू नका, ओरडल्याशिवाय कोणी पूर्ण फुंकत नाही. स्क्रीनवर दम्याच्या पेशंटचा आलेख खाली लोंबत राहतो आणि यांचा मात्र उंच आणि चिंचोळा, कारण हवा जाते जोरात पण आहेच थोडी. एफव्हीसी (एका श्वासात फुंकलेली एकूण हवा) कमी, आणि एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर नॉर्मल किंवा जास्तच. दुसरी डीएलसीओ, त्यात एक विशिष्ट गॅस आत घेऊन १० सेकंद श्वास धरायचा, त्यावरून पडद्यापलीकडे गॅस किती जातो ते कळतं, आणि बऱ्याच पेशंटमध्ये आधी हाच आकडा घसरतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा खोटाच कमी दिसतो म्हणून सोबत सीबीसी आणा. दर ३ ते ६ महिन्यांनी हे परत करायचं असतं, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण एका आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला यावर निर्णय होतात.

रिपोर्टमधले शब्द समजत नाहीत.

ग्राउंड ग्लास म्हणजे धुरकट भाग, बऱ्याचदा सूज, पण कधी बारीक फायब्रोसिस, कधी इन्फेक्शनही. रेटिक्युलेशन म्हणजे जाळीसारख्या रेषा. हनीकोंबिंग म्हणजे फुफ्फुसाच्या कडेला एकावर एक रचलेल्या पोकळ्या, हा पक्का फायब्रोसिस. ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे आजूबाजूच्या व्रणांनी खेचून रुंद झालेल्या श्वासनळ्या. मोझॅइक किंवा एअर ट्रॅपिंग लिहिलं असेल तर डॉक्टर पक्षी-कूलर-बुरशीची चौकशी नव्याने सुरू करतात. यूआयपी हा एक पॅटर्न आहे, आजार नाही. आयपीएफमध्ये तो असतोच पण संधिवातात आणि जुन्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्येही दिसतो. गुगलवर यूआयपी टाकून ‘३ वर्ष’ वाचून रात्रभर जागे राहणारे खूप बघितलेत.

बायोप्सी करावीच लागते का?

सगळ्यांना नाही. इतिहास, रक्त, एचआरसीटी जुळलं तर छातीचा डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, कधी संधिवाताचा डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. नाही जुळलं तर ब्रॉन्कोस्कोपी, क्रायोबायोप्सी (दुर्बिणीतून गोठवून काढलेला तुकडा) किंवा ऑपरेशन करून तुकडा. फुफ्फुस आधीच खूप अशक्त असेल तर बायोप्सीचाच धोका जास्त, तेव्हा डॉक्टर स्वतःच नको म्हणतात.

स्टेरॉइड घ्यायचं की नाही? सगळे वेगवेगळं सांगतात.

कारण प्रकार वेगवेगळे. सारकॉइडोसिस, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची सूज, ऑर्गनायझिंग न्यूमोनिया यात स्टेरॉइड चांगलं काम करतं, ऑर्गनायझिंग न्यूमोनियात तर कधीकधी काही दिवसांत फरक. सारकॉइडोसिस बऱ्याच जणांत औषधाशिवायही शांत होतो. संधिवाताच्या गटात मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब वगैरे जोडीला येतात. पण आयपीएफमध्ये मात्र प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एनएसी ही तीन औषधं एकत्र वर्षानुवर्षं दिली जायची आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पँथर ट्रायलमध्ये उघड झालं की ती घेणाऱ्यांचे मृत्यू औषध नसलेली नुसती दिखाव्याची गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. तेव्हापासून ती बंद. म्हणून शेजारच्या काकूंची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

चालू असेल तर अचानक बंद करायचं नाही, शुगर बघत राहायची, हाडांची काळजी घ्यायची, डोस मोठा असेल तर इन्फेक्शन टाळायला सोबत एक अँटिबायोटिक देतात ती विसरायची नाही.

फायब्रोसिसच्या गोळ्यांनी फुफ्फुस साफ होतं का?

नाही. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन मुख्य, दोन्हींना अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये आयपीएफसाठी मान्यता मिळाली, आपल्याकडेही मिळतात. त्या घसरण्याचा वेग कमी करतात, साधारण निम्म्यावर आणतात. ‘गोळी घेऊन बरं वाटत नाही’ म्हणून लोक सोडतात, पण बरं वाटण्यासाठी ती नाहीच. निंटेडॅनिब आता आयपीएफ नसलेल्या पण वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्येही देतात.

पिरफेनिडोनने मळमळतं, भूक जाते, उन्हात कातडी भाजल्यासारखी लाल होते. जेवणाच्या मध्येच घ्या, चार घास, गोळी, उरलेलं जेवण. टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, आणि दुपारी बारा ते चार उन्हात हिंडू नका. निंटेडॅनिबने दहातल्या सहा जणांना जुलाब होतात, औषधाने आवरतात, डोसही कमी करता येतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. दोन्हींत लिव्हरची तपासणी नियमित. याच कारणासाठी कोणी दिलेला काढा, भस्म, चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांपुढे ठेवा, लपवू नका, लिव्हर बिघडलं की कशाने बिघडलं ते शोधायला जड जातं.

ऑक्सिजनची सवय लागते का?

नाही लागत. बसून ८८ किंवा खाली राहत असेल तर दिवसातले जास्तीत जास्त तास लावायला सांगतात, चालतानाच उतरत असेल तर चालताना. न लावता ओढत राहिलं तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पाय सुजायला लागतात. लोकांना खरी लाज असते ती नाकात नळी लावून बाहेर जायची, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण नळी लावून नातवाच्या मुंजीत बसणारे आजोबा पाहिलेत आणि नळी नको म्हणून दोन वर्षं घराबाहेर न पडलेलेही.

एक मात्र कडक, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देवघरातली समई, उदबत्ती, गॅस, बिडी काही नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण पेटलेलं भडकवतो. लाइट जाणाऱ्या भागात कॉन्सन्ट्रेटरसोबत एक भरलेला सिलेंडर ठेवाच.

व्यायाम करू की आराम?

व्यायाम. पल्मोनरी रिहॅब म्हणतात, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, पायांची ताकद वाढवणं, गरज असेल तर ऑक्सिजन लावून. याने आकडे फार बदलत नाहीत पण चालणं वाढतं. जबरदस्तीचा कपालभाती, श्वास रोखून धरायचे प्रकार मात्र विचारल्याशिवाय नको. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टर सांगतील तशी. छातीत जळजळ, आंबट पाणी येत असेल तर तेही सांगा. सिगारेट-बिडी बंद, आणि घरातल्या बाकीच्यांचीही.

केदारनाथला न्यायचं होतं त्यांना.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे तंदुरुस्त माणसाचाही ऑक्सिजन उतरतो. चालताना ९० च्या खाली जाणाऱ्या माणसाला नेऊ नका. विमानातसुद्धा आतली हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असू शकते, तेव्हा मुलीकडे अमेरिकेला जायच्या आधी डॉक्टरांना भेटा, गरज असेल तर विमान कंपनीला ऑक्सिजनची आधी सूचना द्यावी लागते. पंढरपूर, गाणगापूर, कोकण, खुशाल जा.

कोविडनंतर रिपोर्टमध्ये फायब्रोसिस आलं होतं, तेच हे का?

बहुतेकांचं ते पुढच्या काही महिन्यांत कमी कमी होत गेलं. ज्यांचं तेवढ्यावर थांबलंय, वाढत नाही, त्यांनी आयपीएफची भीती बाळगायचं कारण नाही. वाढत असेल तर मात्र नव्याने तपासा, कदाचित आजार आधीपासूनच होता आणि कोविडच्या सीटीत पहिल्यांदा दिसला.

किती वर्षं? खरं सांगा.

प्रकारावर आहे. पक्षी-बुरशीचं कारण लवकर सापडून दूर झालं आणि फायब्रोसिस नसेल तर माणूस जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो. आयपीएफमध्ये उपचाराविना निदानापासून सरासरी ३ ते ५ वर्षं असं पुस्तकात असतं, पण ती सरासरी आहे, कोणी त्याआधी जातं, कोणी दहा वर्षं येत राहतं. डॉक्टरांना थेट विचारा, आणि पेशंटला वगळून फक्त मुलांना सांगायची पद्धत मला तरी पटत नाही, पैशाचे, घराचे, कोणाला भेटायचं याचे निर्णय त्या माणसाचे असतात.

इमर्जन्सी कुठली ते मात्र पाठ करा. काही दिवसांत किंवा आठवड्यांत दम एकदम वाढला, नेहमीच्या ऑक्सिजनवर आकडा टिकत नाही, ताप आला, किंवा छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला, तर ‘सोमवारी ओपीडीत दाखवू’ नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

ट्रान्सप्लांट होतं का आपल्याकडे?

होतं, चेन्नई, हैदराबाद, मुंबईत होतात. महाराष्ट्रात नावनोंदणी हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे (अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणारं विभागीय केंद्र) होते. वय, बाकीचे अवयव, खर्च, आयुष्यभराची औषधं, सगळं बघावं लागतं, सगळ्यांना जमणारं नाही. पण ज्यांना जमू शकतं त्यांनी चौकशी वेळेत करावी. अंथरुणाला खिळल्यावर यादीत नाव घालून उपयोग होत नाही.

पहिल्यांदा दाखवायला जाताना काय न्यायचं?

जुने सगळे एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म किंवा सीडी, नुसते रिपोर्टचे कागद नाही, पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे कपाटावर असेल तर तोही, कारण डाग तेव्हा होता की नाही हे त्यातूनच कळतं. चालू आणि बंद केलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, ‘एक पांढरी गोळी’ सांगून कोणाला काही कळत नाही. आतापर्यंत कुठकुठली कामं केली त्याची यादी, गिरणीत, खाणीत, पोल्ट्रीत, कितीही जुनी असो. आणि मोबाइलवर घराचे फोटो काढून आणा, गॅलरी, खिडक्यांच्या बाहेरचा भाग, कूलर, ओल आलेल्या भिंती, एसीच्या मागची बाजू.